शुक्रवारची नवी बिअर

आमच्या आयरिश पबमध्ये क्राफ्ट बिअरचा नळ एकच, आणि त्यातली बिअर दर शुक्रवारी बदलते. नव्या बिअरचा पहिला ग्लास मात्र हौगांग उपनगरातून येणाऱ्या एका पुणेकरालाच मिळतो. बिअर चाखण्याचा रीतसर कोर्स मी केलाय. हा माणूस नुसता डोळे मिटून दोन घोट घेतो, कान खाजवतो आणि म्हणतो, "आमसुलाचं सार, पण कालचं." कधी म्हणतो, "करपलेला गूळ." काउंटरवरची चिनी आंटी खळखळून हसते, त्याच्याकडून अर्थ समजून घेते आणि फळ्यावर तेच लिहिते. माझं 'सिट्रस' तिने एकदाही लिहिलं नाही. वर तो पुणेकर उरलेला ग्लास माझ्याकडे सरकवतो. "घ्या, तुम्हाला यातलं कळतं." अंगाचा नुसता तिळपापड होतो. तरी मी पितो.

गेल्या शुक्रवारी तो पुण्याला गेला होता. आंटीने पहिला ग्लास माझ्यापुढे ठेवला आणि खडू उचलला. मी डोळे मिटून दोन घोट घेतले, कान खाजवला आणि म्हणालो, "डोशाचं पीठ. जरा जास्तच आंबलेलं."

आंटी हसली नाही. खडू खाली ठेवून हळूच म्हणाली, "यू ऑल्सो मिस हिम, आह?"