म्हशीपुढं ओतलेल्या भाकरी

आक्कांनी माझी दुरडी उचलली आणि चर्चच्या मागं त्यांच्या गोठ्याकडं नेली. बाजरीच्या पन्नास भाकरी, पहाटे उठून थापलेल्या, अजून कोमट. म्हशीपुढच्या गव्हाणीत त्यांनी त्या ओतल्या. परत येताना पदराला हात पुसले.

नाताळचं प्रीतिभोजन होतं. प्रत्येक घरानं काहीतरी करून आणायचं आणि सगळ्यांनी एका पंगतीला बसायचं, ही आमच्या मंडळीची रीत. आक्का म्हणजे चर्चच्या पंचांची बायको. चर्चची जागा त्यांच्या सासऱ्यांनी दिलेली. सणाला चूल त्यांच्याच ताब्यात असते.

"तुज्या हातचं इथं समदे खात न्हाईत. पुढच्या टायमाला भाकरी नको, चुलीला लाकडं आण," त्या म्हणाल्या.

आणि मी हसले. "बरं आक्का," म्हणाले.

हे सांगायची मला लाज वाटते. त्यांनी केलं त्याहून जास्त, मी हसले त्याची. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर मी रोज भाकरी थापते. ट्रकवाले, पुढारी, देवदर्शनाला निघालेले लोक मागून मागून खातात. थापणारीची जात कुणी विचारत नाही. ती विचारली चर्चमध्ये. आक्कांच्या आणि माझ्या आज्यानं एकाच दिवशी, एकाच विहिरीवर बाप्तिस्मा घेतला होता. तरी ते वरचे राहिले आणि आम्ही खालचे ते खालचेच.

घरी जाताना माझी सातवीतली लेक माझ्यापुढं चालत होती. ओढ्यापाशी थांबली.

"मम्मी, तू हासलीस कावून?"

मी दुरडी डोक्यावर घेऊन पुढं चालत राहिले.

आमची शिकवण अशी, की कुणी अन्याय केला तर आधी त्याच्याकडं एकटं जायचं, चारचौघांत त्याची अब्रू काढायची नाही. मी गेले. आक्का तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? लई वर्साची रीत हाय." मग शेजारच्या मावशीला साक्षीला घेऊन गेले. आक्कांनी दार उघडलं नाही. शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं. माणूस भला, पण पंचांना भितो.

"क्षमा कर बाई," ते म्हणाले. "प्रभूभोजनाच्या रविवारी उभी राहा आणि मनात काही नाही म्हण. मिटलं."

खोटं कशाला बोलू, मी तसंच ठरवून गेले होते. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतल्यावर उभी राहिले. लेक माझ्या तोंडाकडं बघत होती. आई आताही हसते का, एवढंच तिला बघायचं होतं.

"आक्का," मी म्हणाले, "नाताळला माज्या भाकरी तुमी म्हशीला घातल्या. माजी जात बघून. तेवढं तुमी समद्यांपुढं कबूल करा. माफी मी घरूनच घेऊन आले."

"खाली बस!" पंच ओरडले.

मी बसले नाही.  आक्कांनी पुढच्या बाकावरून मागं वळून बघितलं नाही. पाळकसाहेबांनी प्रभूभोजनाच्या भाकरीचं ताट माझ्यापुढं धरलं. भांडण मिटल्याशिवाय ती घ्यायची नसते; माझा हात पुढं गेला नाही.

आता दर रविवारी एक भाकरी फडक्यात बांधून नेते. उपासना संपली की दारात आमच्या रीतीचा सलाम करून आक्कांपुढं धरते. "सलाम आक्का. घ्या, खा." त्या तोंड फिरवून जातात. दोन बायकांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. पाळकसाहेब म्हणतात, आता पुरे कर. मग मी आणि लेक चर्चच्या पायरीवर बसून ती भाकरी खातो.

मला सूड नको. त्यांनी केलं ते त्या तोंडानं बोलल्या, तर तिथंच त्यांना मिठी मारीन. पण न बोलता हे मिटू देणार नाही. येत्या नाताळला पुन्हा पन्नास भाकरी नेणार आहे. लाकडं नेणार नाही.