उजव्या कडेच्या आतली कड

लीलाधर बिसेन गोंदियातल्या एका खासगी दवाखान्यात बरीच वर्षं छातीचे एक्स-रे काढत होता. दहावी नापास, पण अंधाऱ्या खोलीत फिल्म धुता धुता फोटो वाचायला शिकला. २००६ साली डॉक्टरांनी डिप्लोमावाला खुमेंद्र ठेवला आणि लीलाधरच्या पोटात दुखायला लागलं. "खुमेंद्रला विचार," असं डॉक्टर म्हणाले, की याचा जीव जळे.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत गोरेगावकडची दुर्गेश्वरी आली. तिशीची बाई, बांधीत रोपं लावायला वाकली की धाप लागे. खुमेंद्रने फोटो काढून त्यावर पट्टी ठेवली. "हृदय छातीच्या निम्म्याहून कमीच. नॉर्मल." डॉक्टर घाईत होते. दम्याच्या गोळ्या लिहून त्यांनी बाईला वाटेला लावलं.

फिल्म पाकिटात घालताना लीलाधर थबकला. हृदयाच्या डाव्या कडेला कमरेसारखा खोलगटपणा असतो. तो भरून कड सरळ झाली होती. उजव्या कडेच्या आत आणखी एक कड दिसत होती. हृदय एकूण मोठं नव्हतं, पण डावीकडचा वरचा कप्पा फुगला होता. त्या कप्प्याखालची झडप आकसली की रक्त मागे तुंबतं, तेव्हा असं होतं.

आधी त्याला आनंदच झाला. बाई स्ट्रेचरवर परत येऊ दे, मग कळेल डिप्लोमा! त्याने चहा मागवला. दोन घोट घेतले आणि ग्लास तसाच ठेवून सायकल काढली.

दुर्गेश्वरी स्टँडवर एसटीत बसली होती.

"बाई, उतरा. डॉक्टरले फोटो पुन्हा दाखवाचा आहे."

"काऊन? ते त म्हनले, काही नाही."

"मी सांगून राहिलो ना, उतरा!"

लीलाधरने सांगितल्यावर डॉक्टरांनी फोटो नीट पाहिला, तिला डाव्या कुशीवर निजवून पुन्हा छाती ऐकली आणि नागपूरला पाठवलं. तिथे नसेतून फुगा घालून आकसलेली झडप उघडली. बाई वाचली.

डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "खुमेंद्रने फोटो इतका स्वच्छ काढला, म्हणून दिसलं."

लीलाधर काळानिळा झाला. संध्याकाळी खुमेंद्रच फिल्म घेऊन आला. "काका, माह्या नजरेतून सुटलं. दाखवा ना."

"डिप्लोम्यात नाही शिकवलं का?" लीलाधर फणकारला. पण फिल्म दिव्यासमोर धरून त्याने ती आतली कड बोटाने दाखवली.

"हो, दिसली!" खुमेंद्र लगेच म्हणाला.

पोराला ते इतक्या झटकन कळलं, हेच लीलाधरला सगळ्यात झोंबलं.