फ्रान्सच्या राजाची निळी तलवार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या फ्रेंच तलवारीचा रंग गेला तो दत्ताकाकांच्या नव्हे, माझ्या हातून.

काका जाऊन सहा आठवडे झाले. पुण्यात आयुष्यभर कारखान्याच्या टूलरूममध्ये काम केलेला हा माणूस मुलीकडे न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला आला आणि गराजमध्ये जुन्या तलवारी दुरुस्त करू लागला. शनिवारी मी त्यांच्या हाताखाली असायचो. ग्रॅहम नावाच्या संग्राहकाने त्यांच्याकडे फ्रान्सच्या राजाच्या अंगरक्षकाची तलवार दिली होती, दोनशे वर्षांपूर्वीची. मुठीला सोन्याचा मुलामा, पात्याचा वरचा भाग गर्द निळा, त्यावर सोनेरी वेलबुट्टी... तो निळा रंग फासलेला नसतो, पोलाद तापवून उमटवलेला असतो, हे मला कुठे ठाऊक!

खंडेनवमीला काका गराजमधल्या हत्यारांची पूजा मांडायचे. त्या सकाळी ते फुलं आणायला गेले होते. मला वाटलं, पातं काळवंडलंय. आई देवाची भांडी घासायची तशी मी चिंच घेतली... वीतभर निळाई धुऊन गेली.

काका आले, त्यांनी पातं पाहिलं, मग चिंच. मग म्हणाले, "फ्रान्सच्या राजाची आमटी केलीस की रे." आणि तिथूनच ग्रॅहमला फोन लावून सांगितलं, "माझी चूक झाली. रंग मीच परत आणीन." मी तोंड उघडलं तर हातानेच थांब म्हणाले. मलाही थांबणं सोयीचं होतं.

पुढे दोन महिने ते भंगारातल्या पट्ट्या तापल्या वाळूत धरून बघत होते. पोलाद आधी पिवळसर होतं, मग तांबूस, जांभळं, मग निळं. क्षणभर उशीर झाला की राखाडी. खऱ्या पात्याच्या दिवशी मी घड्याळ धरून उभा. "ते ठेव खिशात. पात्याकडे बघ," काका म्हणाले आणि नेमक्या क्षणी त्यांनी ते उचललं. जुना निळा, नवा निळा... सांधा सापडेना.

ग्रॅहमने पातं खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिलं. "स्वीट ॲज, मेट," इथल्या बोलीत 'एकदम झकास', एवढंच बोलला आणि काकांना मिठी मारली. पुढे त्याने ती तलवार प्रदर्शनात मांडली तेव्हा शहरातले संग्राहक काकांशी हात मिळवायला थांबले होते. पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेले काका मला म्हणाले, "शहात्तराव्या वर्षी राजाकडे नोकरी लागली बघ."

तलवार आजही ग्रॅहमच्या काचेच्या कपाटात आहे. खाली काकांनीच लिहून दिलेलं कार्ड: 'दुरुस्ती करणाऱ्याच्या चुकीने रंग गेला. त्यानेच तो परत आणला.'

यातलं पहिलं वाक्य खोटं आहे. ग्रॅहमसमोर उभं राहून ते बदलून घेणं मी अजून काकांना देणं लागतो.