कदम सरांच्या दगडाचं वय

अन्याय झाला कदम सरांवर. २००३ च्या गणेशोत्सवात, गौरी विसर्जनाच्या संध्याकाळी, मंगळवार पेठेतल्या आमच्याच मंडळात. सरांनी प्रदर्शनात एक दगड मांडला होता. त्यात माशीच्या पंखाचा ठसा आणि खाली चिठ्ठीवर वय: सुमारे साडेसहा कोटी वर्षं. 'बाप्पापुढं उत्क्रांती नको' म्हणत कार्यकर्त्यांनी चिठ्ठी फाडली. गेल्या महिन्यात सर गेले. माफी अजून कुणी मागितलेली नाही.

मी सरांचा विद्यार्थी. त्यांच्यासाठी पत्रकं लिहिली, चौकाचौकांत वाटली, शिव्या खाल्ल्या. पण सरांची रविवारची सकाळ माझी कधीच नव्हती... ती गुजरीत, सोन्याचांदीच्या बाजारात, दुकान असलेल्या अण्णांची. अण्णा सराफ, कपाळभर विभूती, उत्क्रांती साफ नामंजूर. डोळ्याला भिंग लावून तो पंख बघायचे.

"मास्तर, ह्या शिरा बघा की! कारागिराबिगर साज हुतो व्हय?"

"अण्णा, तुमच्या साजाला पोरं हुत्यात काय?"

दोघं पोट धरून हसायचे. मी कोपऱ्यात, मांडीवर पत्रकांचा गठ्ठा घेऊन जळत बसायचो. सरांचा शब्दन् शब्द मला मान्य होता, पण माझ्याशी बोलताना ते असे कधी हसले नाहीत.

चिठ्ठी फाडली तेव्हा मंडळाला आडवं कोण गेलं? अण्णाच. "मास्तरांशी भांडण माझं हाय. तुमी मधी कोण?" मी तेव्हा निषेधाचं पत्रक छापायला छापखान्याकडं धावलो होतो.

शेवटच्या आजारात सरांनी दगड अण्णांना दिला. मी दवाखान्यातच विचारलं, मला का नाही?

"तुला तो पटलेलाच आहे," सर म्हणाले. "तू कपाटात ठेवशील. अण्णा रोज काढून बघतील."

बरोबर असेल. मला अजून सोसत नाही.

आता मंडळाला सरांचा पुळका आलाय. यंदा फोटो, हार आणि दगड मांडायचाय. वयाशिवाय! अण्णांनी तोंडावर सांगितलं, "वय लिवणार असशीला तर न्या. मला पटत न्हाय, पर मास्तरांचं म्हणणं हाय ते." हेही माझ्याआधी अण्णाच बोलून बसले...

मंडळानं कबूल केलंय. माझा भरवसा नाही. म्हणून वाचणाऱ्यांनो, यंदा मंगळवार पेठेत याल तेव्हा दगडाखाली वाकून बघा. वय नसेल तर हात जोडून पुढं सरकू नका. रांग अडली तरी चालेल, तिथंच थांबा आणि कार्यकर्त्याला मोठ्यानं विचारा.