आत्याची कवळी

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून ती कवळ्या बनवायची. चौदा वर्षं झाली. नखांत मेण, केसांत प्लास्टरची भुकटी. परक्यांच्या तोंडांचे साचे हाताळताना तिला कधी किळस आली नाही. यायची ती बोलत्या तोंडांची.

तिशी उलटली आणि ही तोंडं सुटली. शेजारीण 'करिअरवाली' म्हणायची. वहिनी म्हणायची, "तुला काय, सडाफटिंग," आणि वडिलांचं औषधपाणी, त्यांना रोज व्यायामाला नेणं, सगळं तिच्या गळ्यात घालून मोकळी व्हायची. मावसभाऊ तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, धड एक नोकरी टिकवत नव्हता. पण तो मात्र 'अजून सेट होतोय'.

अशात आत्या आली. खालचे सगळे दात गेले होते, कवळी हवी होती. बाहेर पाच-सहा पेशंट बसलेले. त्यांच्या देखत आत्याने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "ही आमची राहिलेली. छत्तीस पूर्ण. हाताला गुण आहे हो, पण नशीब बघा!"

गाल सुजलेल्या एका गृहस्थाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ती हसली. मागच्या खोलीत आल्यावर त्या हसण्याची तिला इतकी शिसारी आली की तिने नळाखाली तोंड धुतलं.

चार दिवस ती त्या कवळीवर खपली. एक कड किंचित टोचरी ठेवली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. तसा विचार आलाही. मग स्वतःवरच चिडून तिने ती कड दोनदा घासली.

कवळी चपखल बसली. आत्याने आरशात पाहिलं, जबडा हलवला आणि म्हणाली, "आता हिचं जमलं की सुटलो. एक बिजवर आहे पाहण्यात. पन्नाशीचा आहे, पण हिला आता कोण मिळणार?"

"आत्या, राहिलेलं ताटात असतं," ती म्हणाली. "मी माणूस आहे."

"अगं, प्रेमानं म्हणते मी!"

"मग प्रेमानं नावानं हाक मार. शेवटची कधी मारलीस?"

आत्या आठवत राहिली. डॉक्टरीणबाईंनी घसा खाकरून पुढच्या पेशंटला बोलावलं.

ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. वहिनी दारातच म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला तोडून बोललीस? या वयाच्या एकट्या बायका तिरसटच होतात."

"होय, तिरसट आहे," ती चपला काढत म्हणाली. "म्हणून उद्यापासून बाबांना व्यायामाला तू ने."

वहिनीने आदळआपट केली, पण नेलं. दोन आठवड्यांनी भाऊ नेऊ लागला. आत्याला आता सगळं चावता येतं म्हणे. तिचा फोन मात्र आलेला नाही, आणि इकडून कुणी केलेला नाही.