पुडीवरचा शेवटचा थर

त्या दुपारी आम्ही दोघं नवराबायको तबल्याच्या पुडीला शाई लावत बसलो होतो. म्हणजे लावत ती होती, मी वाजवून बघत होतो. जोगेश्वरीच्या खोलीत आयुष्यभर हेच केलं. पुडी म्हणजे तबल्याच्या तोंडावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं. मधला काळा गोल, ती शाई. भाताची खळ आणि लोखंडाची पूड, अजून काय.

मी चौथी शिकलेला. शास्त्र मला विचारू नका, हाताला कळलं तेवढं सांगतो. कोऱ्या कातड्यावर टिचकी मारा, नुसतं डबडब वाजतं. त्यात सूर असतात, पण दहा असतात आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. मध्ये शाईचं वजन बसलं की ते सगळे एका सुराच्या मागे येतात. पण शाई एकदम थापून चालत नाही. पातळ थर द्यायचा आणि गुळगुळीत दगडाने सुकेपर्यंत घोटायचा. घोटून बारीक भेगा पडतात, नीट दिसतही नाहीत. त्या भेगांमुळे शाई कातड्याबरोबर हलते. न घोटता सुकली तर ते ढेकूळच. कातडं धरून ठेवतं, आवाज मरतो.

"ओ, तबला काय बोलतोय?" तिने विचारलं.

"बरा बोलतोय."

"बरा? कान गंजले तुमचे. कडेला एक बोलतोय, मध्ये दुसरंच. अजून दोन थर लागतील."

"गिऱ्हाइकाला कुठे कळतंय?"

"मला कळतं ना! आणि मग सगळ्यांना सांगत सुटता, पुडी बायकोच्या हातची म्हणून."

हे खरंच होतं. तिने थर दिला, दगड घेतला, थोडं घोटलं आणि थांबली.

"हात भरून आलाय हो. तुम्ही घोटा जरा."

आमच्या धंद्यात हात रोजच भरून येतो. माझाही येतो, तिचाही यायचा. मी म्हटलं, "चहा दे, मग घोटतो."

ती उठली, चहा ठेवला आणि ओट्याला टेकून खाली बसली. बसली ती बसलीच. डॉक्टर म्हणाला, हार्ट. हात दुखत होता का, विचारलं त्याने. मी हो म्हटलं.

संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुडी तिथेच पडलेली दिसली. थर दगडासारखा झाला होता. कडेला तिच्या बोटाचा ठसा होता. टिचकी मारली. ठप्प.

मी चाकू घेतला तशी मेव्हणी धावत आली. "भाऊजी, सुतकात कामाला हात लावताय? आणि ताईचा हात आहे त्याच्यावर, राहू दे की तसंच."

"तिचा हात आहे म्हणूनच," मी म्हटलं. "खोटा बोलतोय तो थर. तिने ठेवला नसता."

ओलं फडकं टाकून थर भिजवला. ठशापासूनच खरवडायला घेतला. खाली तिने आधी घोटलेला थर लागला, तिथे थांबलो. मग खळ शिजवली, नवा थर दिला आणि तिचा दगड घेऊन बसलो. हात भरून आला. सुकेपर्यंत घोटलं.