कोरडी बाई

वादळात पडलेल्या बागांचा पंचनामा करायला जी सरकारी बाई यायची, तिला पाठीमागे सगळे ‘कोरडी बाई’ म्हणत. ज्याच्या शेताची पाहणी, त्याच्या घरचं पाणीसुद्धा काम संपेपर्यंत तोंडाला लावायचं नाही, हा तिचा नेम. पाण्याची बाटली खांद्याला. देवाचं नाव घेऊन घराबाहेर पडायची आणि दिवसभर देव सोडून कुणावर विश्वास ठेवायची नाही. “मदत जाहीर झाली की मेलेली झाडंही पुन्हा एकदा मरतात,” असं ती म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

या खेपेला तिच्या वाट्याला थोरल्या भावाची संत्र्याची बाग आली. ती साहेबांकडे गेली. म्हणाली, “दुसऱ्या कुणाला पाठवा. माझा सख्खा भाऊ आहे.”

साहेब हसले. “बाई, तुम्ही स्वतःच्या सावलीचाही जबाब घ्याल. तुम्हीच जा.”

बागेत पाऊल टाकताच तिच्या मनात पाल चुकचुकली. इतरांच्या बागांत झाडं मुळं वर करून आडवी पडलेली. इथे मात्र सारं झाडून-पुसून लख्ख. खड्डे बुजवलेले, पाचोळासुद्धा नाही.

“दादा, पाहणी होईपर्यंत काही हलवू नका, असं सांगितलं होतं ना?”

“अगं, पडलेलं तसंच ठेवलं असतं तर आईने वरून ओरडून जीव खाल्ला असता,” भाऊ म्हणाला. “सांडलं की उचल, हेच शिकलो ना दोघं?”

शिकले होते खरे. पण चोरही घर झाडूनच जातो.

वहिनीने ओट्यावर चहा ठेवला. “वन्सं, गार होईल.”

“नंतर,” म्हणत ती गोठ्यामागे गेली. तिथे लाकडं रचलेली. वरची ओली, सालीला पानं चिकटलेली. खालची मात्र हलकी, किडीने पोखरलेली. तिने एक ओंडका उचलून भावापुढे टाकला.

“हे वादळाने मारलं? हे तर कधीचं मेलंय.”

भावाचा चेहरा उतरला. “ती गेल्या सालची. मी ती नुकसानीत धरलीच नाहीत.”

“सगळे असंच म्हणतात.”

“सगळ्यांत आता मीही आलो का?”

वहिनी पदराला हात पुसत पुढे आली. “वन्सं, यांनी ती धरली असती तर आमचं भलंच झालं असतं. मीच म्हटलं होतं, धरा. त्यावर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.”

“तर मग चल,” भाऊ म्हणाला, “धरलेलं एकेक दाखवतो.”

तो ओळीतून पुढे चालू लागला. एका जागी थांबे, नुसतं बोट दाखवी. मध्येच एखादी मोकळी जागा सोडून पुढे जाई. ती मागून लिहीत होती. सोडलेल्या जागांवर तिने टाच रोवून पाहिली. माती दगडासारखी, वर गवत. त्याने दाखवलेल्या जागी मात्र टाच घोट्यापर्यंत रुतत होती. नवीन बुजवलेला खड्डा खोटं बोलत नाही.

शेवटच्या झाडाची जागा दाखवून भाऊ वळला, घराकडे चालू लागला. एवढं झालं, तरी तिच्याने राहवलं नाही. त्याची पाठ आहे असं पाहून तिने तिथेही टाच दाबली. माती भुसभुशीत होती. मान वर केली, तर तो थांबून पाहत होता.

“झाली खात्री?”

 कागदावर सही करून ती ओट्यावर येऊन बसली आणि चहा पुढे ओढला. वर साय धरली होती.

“थांबा, गरम करून देते,” वहिनी म्हणाली.

“असू दे.” तिने तो तसाच संपवला. “दादा, आणखी अर्धा कप मिळेल?”

भाऊ पायरीवर चप्पल झटकत होता. चिखल पूर्ण निघेपर्यंत झटकत राहिला.

“तिला दे,” तो वहिनीला म्हणाला. “पण तिला म्हणावं, पुढच्या वादळाला दुसऱ्या कुणाला तरी पाठवायला सांग.”